कुडा लेण्यांतल्या चार बहिणी



थंडी सुरू झाली की म्हसळ्यातल्या घराघरांत मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, आणि त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न येतोच. हरिहरेश्वर, दिवेआगर, श्रीवर्धनचा समुद्र, जंजिरा किल्ला. दोन दिवसांत यादी संपते. या यादीत मी कुडा लेण्यांचं नाव घातलं की बायका लगेच विचारतात, "पण ती बौद्धांची ना? आपलं काय तिथे?" प्रश्न रास्त आहे. ज्यांनी सम्यक्त्वाचे नियम घेतलेत त्यांना तर तो पडायलाच हवा. आज त्याचं उत्तर जरा सविस्तर देते, दोन ओळींत ते सांगता येत नाही.

आधी जागा कुठे ते सांगते. जंजिऱ्याजवळ समुद्राला मिळणारी राजापुरीची खाडी आत येऊन फाटते. एक फाटा आपल्या म्हसळ्याकडे येतो, दुसरा मांदाडकडे जातो. या मांदाडजवळ, तळा तालुक्यात, कुडा नावाचं लहानसं गाव आहे आणि गावामागच्या डोंगरात लेणी आहेत. म्हणजे पाण्याच्या वाटेने बघितलं तर कुडा आपलं शेजारी. गाडीने मात्र वळसा पडतो: साई, मोर्बा करत माणगाव, तिथून महामार्गाने इंदापूर, मग तळा आणि पुढे कुडा.

दोन हजार वर्षांपूर्वी रस्ता पाण्याचाच होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं व्यापारी प्रवासाचं पुस्तक आहे. त्यात या किनाऱ्यावरच्या बंदरांची नावं आहेत आणि त्यांत एक 'मंदगोरा' आहे. ते म्हणजेच आपलं मांदाड, असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्याला यात नवल वाटू नये. ओळीच्या दिवसांत श्रीपाल-मयणाची कथा आपण दर वर्षी ऐकतो, त्यात श्रीपाल राजा सोपाऱ्याला येतो, ठाण्याला येतो. कोकणची बंदरं आपल्या कथांना चांगली माहीत आहेत. जिथे बंदर तिथे व्यापारी, जिथे व्यापारी तिथे श्रमण. पावसाळ्याचे चार महिने त्यांना एका जागी थांबावं लागे. आपल्या साधु-साध्वींचा चातुर्मास आणि बौद्ध भिक्खूंचा वर्षावास, दोन्ही मागे कारण सारखंच होतं. आणि कोकणचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. दगडात कोरलेली, न गळणारी खोली ही इथे केवढी मोठी गोष्ट असेल!

कुड्याला अशी २६ लेणी आहेत, डोंगराच्या अंगावर दोन थरांत. कार्ल्यासारखा भव्य प्रकार शोधत गेलात तर निराश व्हाल. इथे सगळं घरगुती मापाचं आहे. समोर ओसरी, आत दालन किंवा खोली, खोलीत झोपायला दगडी बाक, शेजारी पाण्याचं टाकं. चार-पाच लेण्यांत आतल्या खोलीत स्तूप आहे, ती चैत्यगृहं. छत सपाट, कमानी नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून दोन-तीनशे वर्षांत हे काम झालं. सहाव्या क्रमांकाचं लेणं सर्वांत देखणं. तिथे दाराशी दगडी हत्ती आहे, आत स्त्री-पुरुषांची मोठी जोडपी कोरली आहेत. अशी जोडपी कार्ल्याला आणि कान्हेरीलाही आहेत. भिंतींवरच्या बुद्धमूर्ती मात्र मागाहून, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराच्या.

पण मी तुम्हाला तिथे मूर्ती बघायला बोलवत नाही. भिंतीवरची अक्षरं बघायला बोलावते आहे.

सहाव्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लेख आहे. भगवानलाल इंद्रजी या जुनागढच्या पंडितांनी आणि जेम्स बर्जेस यांनी कुड्याचे सगळे लेख वाचून १८८१ साली छापले, त्यामुळे आज आपल्याला अर्थ कळतो. अर्थ असा: महाभोजी सडगेरी विजया हिचा मुलगा महाभोज मांदव स्कंदपालित. हा इथला सत्ताधारी. त्याच्या पदरी शिवभूती नावाचा लेखक, म्हणजे आपल्या भाषेत चिटणीस किंवा कारकून. या शिवभूतीचा धाकटा भाऊ शिवम. शिवमने बायको विजया आणि मुलगे सुलसदत्त, शिवपालित, शिवदत्त, सपिल यांच्यासह इथलं कोरीव काम दान दिलं. आणि मुली सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता यांनी खांब दिले.

परत वाचा. मुलींनी खांब दिले. भावांच्या नावात त्यांचं नाव मिसळलेलं नाही, "आणि परिवार" असंही म्हटलेलं नाही. चौघींची चार नावं, आणि त्यांनी दिलेली वस्तू वेगळी सांगितलेली.

गंमत बघा, बहीण-भावंडांची नावं जोडीजोडीने आहेत. शिवपालित-शिवपालिता, शिवदत्त-शिवदत्ता, सुलसदत्त-सुलसदत्ता, सपिल-सपा. आजोबांचं नावही सुलसदत्तच. घरात हाक मारताना काय गोंधळ उडत असेल कोण जाणे! आणि 'सुलसा' म्हटल्यावर आपल्या बायकांचे कान टवकारतात, कारण भगवान महावीरांची श्राविका सुलसा आपल्याला पाठशाळेपासून माहीत आहे. पण नुसत्या नावावरून हे घर जैन होतं असं म्हणणं बरोबर नाही. ही नावं त्या काळी सगळ्यांत चालत. शिव, स्कंद, नाग, सगळी नावं बौद्ध लेण्यांना दान देणाऱ्यांत सापडतात.

त्याच महाभोजाचा थोरला कारकून शिवभूती, त्याचं दान पहिल्या लेण्यात आहे. त्याने बायको नंदेसह ते लेणं दिलं. दोघा भावांच्या लेखांत वडील सुलसदत्त आणि आई उत्तरदत्ता, दोघांची नावं आहेत. राजाची ओळख तर आईच्या नावानेच सुरू होते. एका वैद्याचंही लेणं आहे, सोमदेव त्याचं नाव, वडील ऋषिरक्षित हेही वैद्य आणि उपासक. त्याने आपल्या दानात तीन मुलगे सांगितले आणि चार मुली: ऋषिपालिता, पुष्या, धर्मा, सपा. सपा हे नाव तेव्हा या बाजूला आवडीचं असावं. आणखी एका लेण्यात भायिला नावाची ब्राह्मणी आहे, अयितिलू नावाच्या ब्राह्मण उपासकाची बायको. तिने चैत्यगृह दिलं. नवऱ्याने दिलं आणि तिचं नाव पुढे केलं असं नाही, दान तिच्याच नावावर आहे. महाभोज सुदर्शनाची मुलगी विजयनिका हिचंही एक लेणं आहे. आणि पुरुषांत बघाल तर माळी आहे, श्रेष्ठी आहे, कऱ्हाकडचा म्हणजे आजच्या कराडचा लोखंडाचा व्यापारी आहे. घाट उतरून धंद्यासाठी खाली आला असणार.

राणीने लेणं दिलं यात मला फार नवल वाटत नाही. नाशिकला गौतमी बलश्रीने दिलं, नहपानाची मुलगी दक्षमित्रेने दिलं. त्यांच्याकडे खजिना होता. पण कारकुनाच्या मुली? वैद्याच्या लेकी? हे आपल्यासारख्या घरातले लोक आहेत. कुणी म्हणेल, पैसे वडिलांनीच दिले असतील, मुलींच्या नावाने लाभ घेतला असेल. असेलही. आपल्याकडेही वडील मुलीच्या नावाने लाभ घेतात. तरी पाथरवटाला चार जादा नावं कोरायला सांगणं, त्याची मजुरी देणं, भिंतीवर तेवढी जागा घालवणं हे कुणीतरी ठरवलं. त्या घराला ते महत्त्वाचं वाटलं, एवढं नक्की.

आता जो लेख मला सर्वांत जवळचा वाटतो तो. पाचव्या लेण्यात. हे लेणं आणि त्याचं पाण्याचं टाकं एका भिक्खुणीने दिलं आहे, पदुमनिका तिचं नाव. लेखात तिची ओळख अशी येते: थेर भदंत पातिमित आणि भदंत अगिमित यांची ती भाची. तिची आई नागनिका, तीही प्रव्रजित. आणि दान देताना पदुमनिकेच्या सोबत तिच्या दोन शिष्या आहेत, बोधी आणि असाळ्हमिता. म्हणजे दोन मामा साधू, आई साध्वी, मुलगी साध्वी, आणि तिच्या हाताखाली दोन चेल्या.

दुसऱ्या कुणाला हे वाचून आश्चर्य वाटेल, आपल्याला नाही वाटत. एका घरातून आई आणि मुलगी दोघींची दीक्षा, मामा महाराजसाहेब आधीच संघात, हे आपण बघितलेलं आहे. वरघोडा निघतो, घर रिकामं होतं, मागे राहिलेल्यांच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडाने अनुमोदना. नागनिकेच्या घरी तो दिवस कसा गेला असेल ते आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. धर्म वेगळा, आचार वेगळा. आपल्या साध्वीजी लेणं दान देणार नाहीत, त्यांच्याजवळ परिग्रहच नसतो. इथे हा मोठा फरक आहे आणि तो मी झाकत नाही. पण घर सोडणाऱ्या बाईला नात्यांच्या नावाने ओळखायचं, आणि त्या नात्यांतही संघातली नातीच सांगायची, हे अगदी ओळखीचं आहे. पदुमनिकेच्या लेखात तिच्या वडिलांचं नाव नाही.

भाषेचंही तसंच. आपल्यापैकी ज्या रोज सामायिक करतात, प्रतिक्रमण करतात, त्यांना या लेखांतले शब्द इतिहासाच्या प्राध्यापकांपेक्षा लवकर लागतील असं माझं मत आहे. भयत, भदंत म्हणजे आपलं 'भंते', करेमि भंते मधलं. 'थेर' आणि 'अंतेवासी' हे दोन्ही शब्द पर्युषणात कल्पसूत्राच्या स्थविरावलीत आपण ऐकतो. कुड्याला अंतेवासीचं स्त्रीरूप आहे, 'अतेवासिनी'. 'पवयितिका' म्हणजे प्रव्रजिता, तोही शब्द महावीरस्वामींच्या दीक्षेच्या वाचनात येतो. 'देयधम' म्हणजे धर्मासाठी दिलेलं दान. 'दुहुतु' म्हणजे दुहिता, मुलगी. 'भया' म्हणजे भार्या. 'पोढी' म्हणजे पाण्याचं टाकं. 'लेण' हा शब्द तर आपण मराठीत अजून तसाच बोलतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीबरोबर पाली आणि प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा वर्तमानपत्रांत रकाने भरून आलं. ही भाषा लिहिलेली बघायची तर कुठे लांब जायला नको, ती खाडीच्या पलीकडच्या फाट्यावर आहे.

"पण आपल्या श्राविकांचं असं काही आहे का?" हा पुढचा प्रश्न. आहे, आणि त्याच काळातलं आहे. मथुरेला कंकाली टीला म्हणून जागा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे खोदकाम झालं आणि जैन स्तूप, आयागपट, तीर्थंकरांच्या मूर्ती यांचा ढीग सापडला. त्यांवरच्या लेखांत दान देणाऱ्या बायका इतक्या आहेत की मोजताना दमाल. अमुकाची सून, अमुकाची पत्नी, अमुकाची आई, आणि पुष्कळ ठिकाणी कोणत्या साध्वीच्या सांगण्यावरून हे दान दिलं तेही. एका आयागपटावर श्रमणांची श्राविका अमोहिनी आहे, तिने आपल्या मुलांसह तो अर्हतांच्या पूजेसाठी दिला. मुलांची नावं पालघोष, पोथघोष, धनघोष. इथे आई पुढे आणि मुलगे तिच्या मागे. तो पट आता लखनौच्या संग्रहालयात आहे. मथुरा आपल्यापासून फार लांब, आणि संग्रहालयात दगड आपल्या मूळ जागेवर नसतो. कुड्याला तो जागेवर आहे. म्हणून म्हणते, आधी कुडा बघा, मग अमोहिनी जास्त कळेल.

आता आजच्याकडे येते. आमच्या संघात सध्या उपाश्रयाच्या कामासाठी नावं लिहून घेणं चालू आहे. भोजनशाळेची एक खोली, पाण्याची टाकी, आयंबिल खात्याची कायमी तिथी. पाटीवर काय कोरायचं याचा कागद घरोघर फिरतो. तो कागद मी वाचला. बायका आहेत, नाहीत असं नाही. "मातुश्री" म्हणून आहेत, बहुतेक स्वर्गवासी. "धर्मपत्नी" म्हणून आहेत. "हस्ते" नंतर सून आहे. सासरी गेलेली मुलगी मात्र एकही नाही, आणि घरात असलेल्या लेकी "परिवार" या शब्दात मावल्या आहेत. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, मागची पाटी बघून पुढची लिहिली जाते. मी आमच्या कागदावर दोन्ही मुलींची नावं घातली, एक लग्न झालेली, एक शिकणारी. एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "ओळी वाढतात, पैसे वाढतात, कशाला?" त्यांना मी शिवमच्या चार मुलींची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "पण ते बौद्ध ना." मी म्हटलं, काका, मथुरेची अमोहिनी आपली होती. ओळ राहिली.

बायकांनी लाभ घ्यायचा तो नावासाठी नाही, हे मला मान्य आहे. गुप्तदानाचं मोल जास्त, हे महाराजसाहेब दर चातुर्मासात सांगतात. पण मग सगळ्यांनीच गुप्त द्यावं. नाव कोरायचंच ठरलं तर घरातलं अर्ध नाव का गाळायचं?

बरं, जायचं असेल तर थोडं सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात डोंगर सुंदर दिसतो, पण पायऱ्या आणि कातळ निसरडे होतात आणि वाटेवर जिवाणू इतके की पाऊल टाकायला जीव धजत नाही. चढ मोठा नाही, सत्तरीतल्या बायकाही सावकाश चढतात. सकाळी नवकारशी करून निघा. खाण्याचं, उकळलेलं पाणी सगळं बरोबर घ्या. लेण्यांजवळ काही मिळेल हे धरून चालू नका. टाक्यांतलं पाणी बघायचं, त्यात हात घालायचा नाही, त्यात जीव आहेत. चांगली बॅटरी घ्या आणि अक्षरांवर समोरून न मारता बाजूने मारा, तिरपा उजेड पडला की खाचा दिसू लागतात. नुसत्या डोळ्यांना जिथे खडबडीत भिंत वाटत होती तिथे ओळी उमटतात. सहावं लेणं आधी, मग पहिलं, मग पाचवं. बाकीची पाय चालतील तशी. मुलं बरोबर असतील तर त्यांना 'ध' आणि 'म' ओळखायला सांगा, 'देयधम' हा शब्द जवळजवळ सगळीकडे आहे.

आणि वंदनाचं. आम्ही गेलो तेव्हा हात जोडून उभ्या राहिलो नाही आणि पाठ फिरवून उभ्याही राहिलो नाही. स्तूपाच्या खोलीत चप्पल घातली नाही, मोठ्याने बोललो नाही. कुंकू, फूल, अगरबत्ती काही नेलं नव्हतं. लेणी संरक्षित स्मारक आहेत आणि ज्यांचं ते श्रद्धास्थान आहे असे लोकही तिथे येतात. आपल्या देरासरात परका माणूस आला तर त्याने कसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच आपण वागावं. सोबतच्या एका मावशींनी ओसरीत बसून एक सामायिक केलं. अठ्ठेचाळीस मिनिटं बाकी आम्ही बाहेर पायरीवर बसून होतो, खाली खाडीचं पाणी चमकत होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं.

ज्यांना कुडा आवडेल त्यांच्यासाठी पुढचा बेतही सांगून ठेवते. पुण्याच्या बाजूला कामशेतजवळ बेडसे लेणी आहेत. तिथे एका पाण्याच्या टाक्याजवळच्या लेखात सामडिनिका नावाची बाई आहे. महाभोजाची मुलगी, 'मांदवी' म्हणवणारी, आणि आपदेवणक याची पत्नी म्हणून महारठिणी झालेली. महाभोज, मांदव ही सगळी आपल्या खाडीकडची नावं. म्हणजे कोकणची लेक घाटावर दिली, आणि तिने सासरच्या मुलखात साधूंसाठी पाण्याचं टाकं दिलं, माहेरचं नाव न सोडता.

त्याच कामशेतच्या परिसरात पाले गाव आहे. महाडजवळचं गांधारपाले वेगळं, तिथेही बौद्ध लेणी आहेत, गोंधळ करू नका. या मावळातल्या पाल्याला डोंगरात एक लहानसं लेणं आहे. त्यातला लेख हसमुख सांकळिया आणि शोभना गोखले यांनी वाचून प्रसिद्ध केला. तो अरहंतांच्या नमस्काराने सुरू होतो, आणि पुढे भदंत इंद्ररक्षित यांनी लेणं आणि पोढी करवल्याचं येतं. महाराष्ट्रातला सर्वांत जुना जैन लेख म्हणून तो अनेक अभ्यासक सांगतात. अक्षरं तीच, लेण आणि पोढी हे शब्द तेच. बेडसे आणि पाले एका दिवसात होतात. वाट चढाची आहे, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी आधी कळवा. फाल्गुनाच्या चौमासी चौदसच्या आधीचा रविवार धरला आहे, गाडीत अजून तीन जागा आहेत.